वाचकांचे प्रश्न : स्वातंत्र्यवादी नीतीवरचं पुस्तक स्वतः काढताना

स्वखर्चानं वैचारिक पुस्तक काढू पाहणाऱ्यांची पत्रं आमच्याकडे नेहमी येतात. या वेळची सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत : व्यक्तीचं स्वातंत्र्य, मालकी आणि संमती यांवर उभ्या असलेल्या नीतीबद्दलचं पुस्तक.

‘लिबर्टेरियन’ला मराठीत काय म्हणावं? उदारमतवादी की स्वातंत्र्यवादी? की तोच शब्द ठेवावा? पहिल्याच पानावर अडलो आहे.
— एक वाचक, कोथरूड

‘उदारमतवादी’ नको. पुण्यात तो शब्द रानडे-गोखल्यांच्या नेमस्त परंपरेला चिकटलेला आहे. शिवाय हल्ली सरकारनं कल्याणाचा भार उचलावा असं मानणाऱ्यांनाही तोच लावतात. ‘स्वातंत्र्यवादी’ बरा, पण स्वातंत्र्य म्हटलं की मराठी मनात आधी १९४७ येतं, म्हणजे देशाचं स्वातंत्र्य. म्हणून उपशीर्षकात एकदा ‘व्यक्तिस्वातंत्र्यवादी’ असं पूर्ण लिहा, प्रस्तावनेत ‘लिबर्टेरियन’ हा शब्द एकदाच सांगा आणि पुढे ‘स्वातंत्र्यवादी’ चालवा.

यापेक्षा मोठी अडचण या नीतीच्या पायातल्या ‘अनाक्रमण’ (नॉन-ॲग्रेशन) या शब्दाची आहे. वाचक त्याचा अर्थ अहिंसा असा घेतो आणि तिथून पुस्तकभर चुकत जातो. अहिंसा बळाचा वापरच नाकारते. अनाक्रमणाचं तत्त्व बळाचा पहिला वापर नाकारतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी बळ वापरायला त्याची ना नाही. उलट, फसवणूक या तत्त्वात आक्रमणात मोडते, कारण फसवून घेतलेल्या वस्तूला खरी संमती नसते. बोलून मन दुखावणं अहिंसेला खुपतं, अनाक्रमणाला नाही. हा फरक पहिल्या वीस पानांत यायला हवा. ‘हा तर स्वैराचार’ हा आक्षेपही तिथेच घ्या. तो शेवटच्या प्रकरणापर्यंत ताटकळत ठेवला, तर वाचक तोवर थांबत नाही.

लिहायला बसण्याआधी पंचवीसेक संज्ञांची यादी करा आणि एका कल्पनेला एकच शब्द ठेवा. दुसऱ्या प्रकरणात ‘बळजबरी’, पाचव्यात ‘सक्ती’ आणि सातव्यात ‘जुलूम’ असं झालं की वाचकाला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. ललित लेखनात शब्द बदलत राहणं शोभतं, नीतिशास्त्रात त्यानं युक्तिवाद मोडतो. ‘सेल्फ-ओनरशिप’ला ‘स्वस्वामित्व’ म्हणण्यापेक्षा ‘स्वतःवरची मालकी’ म्हणा. लांब आहे, पण आजीलाही कळतं.

खर्डा चारशे पानांचा झाला आहे. लॉक, मिल, स्पेन्सर, नॉझिक सगळे आले आहेत. ज्यांना वाचायला दिला त्यांनी सत्तराव्या पानाच्या पुढे मजल मारली नाही. कुठं चुकतंय?
— निवृत्त प्राध्यापक, नारायण पेठ

क्रम उलटा झाला आहे. विचारवंतांच्या ओळखीनं सुरुवात केली की पुस्तक टिपणवहीसारखं होतं. आधी वाचकाच्या डोळ्यांसमोरचा प्रसंग ठेवा, त्यावर तत्त्व लावून पाहा, तत्त्व कुठं ताणलं जातं ते दाखवा, आणि मग त्या ताणाबद्दल कोणी काय म्हटलं ते सांगा.

तुमच्या पेठेतलाच प्रसंग घ्या. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं हे प्रमाण भाडं धरलं. १९९९च्या कायद्यानं दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली, पण ती आधीच्या गोठलेल्या भाड्यावर. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही, आणि पावसाळ्यात वाड्याची भिंत खचते. बहुतेक लेखक इथवर येऊन ‘बघा, नियंत्रणाचा परिणाम’ म्हणून थांबतात. हे अर्थशास्त्र झालं. नीतीचा प्रश्न पुढे आहे : वाडा ठणठणीत उभा राहिला असता, तरीही मालकाच्या संमतीवाचून भाडं गोठवणं चूक ठरलं असतं का? ‘हो’ म्हणालात तर तुम्ही हक्काच्या बाजूला आहात. ‘नाही’ म्हणालात तर परिणामांच्या बाजूला. मिलनं १८५९च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट सांगितलं आहे की उपयुक्ततेपासून वेगळ्या, अमूर्त हक्काचा आधार तो घेणार नाही. नॉझिकचं १९७४चं पुस्तक हक्कांपासूनच सुरू होतं. तुमच्या खर्ड्यात हे दोघं एकाच प्रकरणात मांडीला मांडी लावून बसले असतील, तर जाणता वाचक तिथेच तुम्हाला पकडेल. कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते ठरवा.

मग भाडेकरूची बाजू त्याच ताकदीनं मांडा. त्यानं पागडी, म्हणजे जागेसाठी एकरकमी रक्कम, मोजली असेल, तर त्यानं काहीतरी विकतच घेतलं आहे. ते नेमकं काय? मालकी, की राहण्याचा कायमचा हक्क? संमतीवर उभ्या असलेल्या नीतीला या व्यवहाराचा अर्थ लावावाच लागतो, आणि उत्तर मालकाच्या बाजूचंच येईल असं नाही.

महाराष्ट्रात या विचाराची सर्वांत कठीण परीक्षा बहिष्काराची आहे. जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते. कुणी अंगाला हात लावत नाही. फक्त बोलत नाहीत, विकत नाहीत, मयताला येत नाहीत. अनाक्रमणाच्या कसोटीवर हा गुन्हा आहे का? आपल्या राज्यानं २०१६च्या कायद्यानं सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला आहे. इथं गुळमुळीत लिहिलंत तर बाकीचं पुस्तक कुणी मनावर घेणार नाही. आधी कृत्यं वेगळी काढा. दंड उकळणं, धमकावणं, सार्वजनिक रस्ता किंवा पाणी अडवणं, संबंध ठेवणाऱ्यांनाही दंडाची भीती घालणं, हे सरळ आक्रमण आहे. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर सत्याग्रहींना मारहाण झाली. त्याआधीच, १९२४ मध्ये, नगरपालिकेनं ते तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ती मारहाण कोणत्याही व्याख्येनं आक्रमणच. हे सगळं वजा केल्यावर जो निव्वळ असहकार उरतो, तो अनैतिक असला तरी कायद्यानं दंडनीय असावा का, हा खरा वादाचा मुद्दा. ‘नसावा’ असं तुमचं मत असेल तर तसं ठामपणे लिहा, आणि त्याची किंमत कोण मोजतो तेही लिहा.

जमिनीच्या मालकीचा उगमही टाळू नका. वतनं, इनामं, बळकावलेली शेतं यांतून आलेली मालकी आज ‘स्वेच्छेच्या व्यवहारानं’ हस्तांतरित झाली म्हणून शुद्ध होते का? नॉझिकच्या मांडणीत संपादन आणि हस्तांतर यांच्या जोडीला अन्यायाच्या परिमार्जनाचं तिसरं तत्त्व आहे. प्रचारकी पुस्तकांत तेच गळतं. त्याला निदान पंधरा पानं द्या.

कांद्याला मात्र पाचसात पानं पुरेत. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ची निर्यातबंदी वाचकाला पाठ आहे, आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या शेतकरी संघटनेच्या घोषणेत तुमचं अर्धं तत्त्वज्ञान आधीच आहे.

शेवटी पुस्तक ४५-५० हजार शब्दांत बसवा. डेमी आकाराच्या पानावर वाचनीय टंकात साधारण २७० शब्द बसतात, म्हणजे १६५ ते १८५ पानं. छपाईला देण्याआधी खर्डा तुमच्या मतांच्या पक्क्या विरोधकाला द्या आणि त्याला एकच काम सांगा : जिथं मनात पहिलं ‘नाही’ उमटलं तिथं समासात खूण करा. स्नेह्यांच्या कौतुकापेक्षा त्या खुणा मोलाच्या असतात.

कॉपीराइट ही सरकारनं दिलेली मक्तेदारी आहे असं मी पुस्तकात लिहिलं आहे. मग ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापू का? आणि इतरांची अवतरणं कितपत घेता येतात?
— एक वाचक, विमाननगर

छापू नका. परीक्षक सर्वांत आधी तेच दाखवील. पण नुसतं गप्प बसून पुस्तक मुक्त होत नाही : १९५७च्या कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो, नोंदणी असो वा नसो. मार्ग दोन आहेत. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे निबंधकाला किंवा जाहीर सूचनेनं कळवून हक्क सोडता येतो. किंवा श्रेयपानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या, बाकी मुभा’ असा परवाना छापा. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून घाई नको. स्वातंत्र्यवाद्यांतही या प्रश्नावर दोन तट आहेत. दुसऱ्या तटाला उत्तर दिल्याशिवाय ते प्रकरण पुरं होत नाही.

एक व्यावहारिक खोच आहे. ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याच्या सेवेवर, मराठी ई-पुस्तक चढवता येतं, पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं तर ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं. नाहीतर ३५ टक्के. त्या योजनेत ९० दिवस पुस्तकाची डिजिटल प्रत दुसरीकडे कुठंही ठेवता येत नाही, फुकट पीडीएफसुद्धा नाही. विचार पसरवायला पीडीएफ मोकळी सोडायची असेल, तर ३५ टक्क्यांवर राहा.

अवतरणांच्या बाबतीत तुमचं मत काही असो, कायदा लागू आहेच. आपल्याकडे मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मिल १८७३ साली गेला, बास्तिया १८५०त, दोघंही मुक्त. नॉझिक २००२ मध्ये गेला, म्हणजे २०६२ अखेरपर्यंत हक्क शाबूत. समीक्षेसाठी श्रेय देऊन थोडी अवतरणं घेता येतात, अख्ख्या प्रकरणाचा अनुवाद नाही. बास्तिया फ्रेंचमध्ये लिहायचा. त्याचा अलीकडचा इंग्रजी अनुवाद समोर ठेवून मराठी केलंत तर त्या अनुवादकाचा हक्क आड येतो.

मजकूर जुन्या श्रीलिपी टंकात आहे. छपाईसाठी तो तसाच चालेल का? आयएसबीएन कधी घ्यायचा?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

छापील प्रतीपुरतं चालेल, पण ई-पुस्तक, शोध, पुढची आवृत्ती यांसाठी यूनिकोडच हवं. रूपांतर करून घ्या, पण त्यावर विसंबू नका. ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’, रफार आणि पहिली वेलांटी या ठिकाणी रूपांतरात हमखास घोळ होतो : ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. या पाच गोष्टी शोधून शोधून तपासा, त्यानंतरच मुद्रितशोधकाकडे द्या. मांडणी इनडिझाइनमध्ये होणार असेल तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू आहे ना ते विचारा; तो बंद असला की जोडाक्षरं सुटी पडतात. टंक मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ देणारा घ्या.

पानांची संख्या १६च्या पटीत ठेवा, कारण छपाईचा एक फॉर्म १६ पानांचा. १९३ पानं झाली की तेराव्या फॉर्मचा खर्च पडतो आणि शेवटची १५ पानं कोरी राहतात. तिथं एक परिच्छेद कापून १९२ करावं. आत ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड कागद, मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन पुरतं. कण्याची रुंदी अंदाजानं काढू नका. कागदाच्या गिरणीगणिक जाडी बदलते, म्हणून मुद्रकाकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि मोजा. दोन मिलिमीटर चुकले की कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर उतरतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन मिळतो, लेखक-प्रकाशकालाही, आणि विनामूल्य. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. छापील प्रत आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगळे. अर्ज मजकूर पक्का झाल्यावर आणि मुखपृष्ठ छापायला जाण्याआधी करा. क्रमांक येईपर्यंत मुखपृष्ठ अडतं हे धरूनच वेळापत्रक आखा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत चार ग्रंथालयांना स्वखर्चानं एकेक प्रत पाठवणं १९५४च्या कायद्यानं बंधनकारक आहे : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. लेखक-प्रकाशक हे हमखास विसरतात.

किती प्रती काढाव्यात आणि किंमत किती ठेवावी?
— एक वाचक, चिंचवड

तीनशेच्या आत डिजिटल छपाई बरी, पाचशेपासून ऑफसेट परवडू लागतं, कारण प्लेटचा खर्च प्रतींवर वाटला जातो. पण ‘हजार घेतल्या तर प्रत स्वस्त’ या हिशोबाला भुलू नका. प्रत स्वस्त होते, गठ्ठे पलंगाखाली राहतात.

हिशोबाची रीत दाखवण्यासाठी काही आकडे धरू. १९२ पानं, ५०० प्रती, छपाई ४५ हजार. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून ३० हजार. एकूण ७५ हजार, म्हणजे प्रतीमागे १५०. किंमत ३०० ठेवली आणि वितरकानं ५० टक्के कमिशन घेतलं, तर हातात १५० येतात. पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तरी जेमतेम बरोबरी. तीच प्रत थेट वाचकाला टपालानं पाठवली तर टपाल आणि पाकीट वजा जाता २६५ च्या आसपास राहतात, आणि २८४ प्रतींत खर्च निघतो. म्हणून अप्पा बळवंत चौकातल्या दोनतीन दुकानांत पुस्तक दिसायला ठेवा, पण विक्रीचा भरवसा थेट मागणीवर ठेवा. दुकानात ठेवलेल्या प्रतींचं सहीचं चलन घ्या आणि दर तीन महिन्यांनी हिशोब मागा. विक्रीनंतर पैसे या पद्धतीत मागितल्याशिवाय पैसे येत नाहीत.

टपालासाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, कर वेगळा. पुस्तक जमिनीवरच्या वाहतुकीनं जातं, म्हणून थोडा वेळ लागतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं आणि आत व्यापारी जाहिराती चालत नाहीत. डेमी आकारात ७० जीएसएमचं एक पान, म्हणजे पाठपोट दोन पृष्ठं, सुमारे २.१ ग्रॅम भरतं. १९२ पृष्ठांचं पुस्तक मुखपृष्ठ आणि पाकिटासह २५० ग्रॅमच्या आत राहतं. १४ फॉर्म, म्हणजे २२४ पृष्ठं, ही सुरक्षित मर्यादा. त्यापुढे प्रत्येक पाकिटाचा दर चढण्याचा धोका असतो. पुस्तक आटोपशीर ठेवण्याचं हेही एक कारण.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण मुद्रकाच्या बिलातला कर तुम्हाला परत मिळत नाही. दर विचारताना करासह विचारा.

सरकारी अनुदान घेतलं तर ते माझ्याच विचाराशी प्रतारणा ठरेल का?
— एक वाचक, हडपसर

‘कराचाच पैसा परत घेतो’ असा युक्तिवाद करता येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. तरीही आमचा सल्ला अर्ज न करण्याचा आहे, कारण अनुदानाशिवायही हे पुस्तक निघू शकतं. आयएसबीएनची गोष्ट वेगळी. त्याला पर्यायच नाही. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक पाठवणं हा मधला प्रश्न. १९६७च्या कायद्याखालची ग्रंथालयं अनुदानातूनच खरेदी करतात, पण तिथला वाचक स्वतःहून येतो. जे ठरवाल ते कारणासह प्रस्तावनेत सांगा. १८४८ पासूनच्या पुणे नगर वाचन मंदिरासारख्या ठिकाणी मात्र एक प्रत भेट द्यावीच.

प्रसिद्धी कशी करावी? प्रकाशन समारंभाला बराच खर्च येतो आहे.
— एक वाचक, सदाशिव पेठ

समारंभ टाळा. हार, शाल आणि सत्तर आप्तेष्ट यांतून वाचक मिळत नाही. त्याऐवजी नवी पेठ किंवा टिळक रस्त्याच्या परिसरात लहान सभागृह दोन तासांसाठी घ्या आणि एकाच प्रकरणावर चर्चा ठेवा, शक्यतो बहिष्काराच्या. तीन वक्ते, त्यांतला एक कडवा विरोधक. प्रत्येकाला प्रकरण तीन आठवडे आधी पोचलेलं असावं. १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालणाऱ्या या गावात वैचारिक वादाला अजूनही माणसं येतात.

परीक्षणासाठी २५ प्रती बाजूला काढा. ऑगस्ट ते ऑक्टोबर संपादक दिवाळी अंकांत बुडालेले असतात. तेव्हा पाठवलेली प्रत ढिगात जाते. प्रतीसोबत अर्ध्या पानाचं टिपण द्या : पुस्तकाचं म्हणणं काय, आणि कोणत्या पानावर वाद होऊ शकतो. स्तुतिपर शिफारशी जोडू नका. बाराशे शब्दांचा स्वयंपूर्ण उतारा वेगळा तयार ठेवा, तो छापून येण्याची शक्यता परीक्षणापेक्षा जास्त. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो. एका पुस्तकासाठी गाळा परवडत नाही, चारपाच लेखक-प्रकाशकांनी मिळून घ्यावा, आणि त्यासाठी नोव्हेंबरअखेर पुस्तक हातात हवं. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणारे आणि मिल-स्पेन्सरचा ठसा वागवणारे आगरकर त्याच फर्ग्युसनचे प्राचार्य होते. तुमच्या विचाराचं पुण्यातलं मूळ सांगायला याहून योग्य जागा नाही.

वाचकांचे दोन गट हाताशी आहेत आणि लेखक त्यांच्याकडे बघत नाहीत. पहिला तुमच्या पेठेतलाच : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. पुस्तकाला मार्गदर्शकाचं रूप देऊ नका, त्यानं ते बिघडेल. पण शेवटी परिभाषा आणि विषयसूची द्या, अभ्यासिकांतली मुलं तेवढ्यावर पुस्तक उचलतात. दुसरा गट चाकण-आंबेठाणपासून निफाडपर्यंतच्या जुन्या शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांचा. त्यांना तीनशे रुपयांचं पुस्तक एकदम देऊ नका. कांद्याचं आणि जमिनीच्या मालकीचं प्रकरण मिळून दोन फॉर्मची, ३२ पानांची पुस्तिका तीस रुपयांत काढा. १२ डिसेंबरला, शरद जोशींच्या स्मृतिदिनी, ही माणसं एकत्र येतात.

न विचारता कुणाला व्हॉट्सॲप गटात घालू नका, आणि मित्रांकरवी खोटे तारे लावून घेऊ नका. संमती आणि फसवणूक यांवर पुस्तक लिहिणाऱ्याला ही दोन्ही कामं शोभत नाहीत.

विरोधी परीक्षण आलं तर उत्तर द्यावं का?
— तेच वाचक

मताला एकदाच, तीनशे शब्दांच्या आत. परीक्षकानं तथ्याची चूक दाखवली असेल तर आधी आभार माना आणि शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून घ्या. न विकलेल्या प्रतींत ती श्रेयपानासमोर चिकटवा, दुकानांत ठेवलेल्या प्रतींतही, आणि ई-पुस्तकाची सुधारित फाइल त्याच आठवड्यात चढवा.